गाळलेला आवाज

ज्यांना पटणार नाही त्यांनी इथंच थांबावं, माझी काही हरकत नाही. पण यातली मावशी माझी सख्खी मावशी आहे आणि थापा मारणं तिच्या स्वभावात नाही. मी हे लिहितोय तेही तिच्याच घरात बसून, मुकुंदवाडीत. ती समोर पलंगावर बसलेली आहे.

उलट भुताखेतांचं नाव काढलं की समोरच्याला फैलावर घेणारं हे घर. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. मावशीचे यजमान अतुलकाका होते तोवर दारात कुणी लिंबू-मिरची बांधा म्हणालं, तर त्याला चहाच्या आधी अर्ध्या तासाचं भाषण मिळायचं. म्हणून तर मावशी इतके दिवस गप्प बसली. या घरात असलं बोलायचं तरी कुणापाशी?

आणि ही रात्रीची गोष्ट नाही.

मे महिन्यात सुरू झालेली, भर दुपारची आहे.

सुलेखामावशी चिकलठाण्याच्या एमआयडीसीत बाटल्या भरायच्या लाईनवर कामाला होती. काचेच्या बाटल्या दिवसभर एकमेकींवर आपटत पुढं सरकायच्या. त्या खणखणाटात तिचे कान कधी गेले, ते तिलाही कळलं नाही. पन्नाशीच्या आत तिला जवळजवळ काहीच ऐकू येईनासं झालं.

ज्यांच्या घरात कमी ऐकू येणारं माणूस आहे, त्यांना पुढचं लगेच कळेल. असं माणूस दर वेळी "काय? काय म्हणालात?" विचारत बसत नाही. त्याची लाज वाटते. ते आपलं हसतं, मान डोलावतं आणि म्हणतं, "हं."

मावशीचंही तसंच. दाराशी कढीपत्त्याचं मोठं झाड आहे. गल्लीतल्या बाया येता-जाता विचारायच्या, "वैनी, चार पानं नेऊ का?" मावशीला शब्द ऐकू यायचाच नाही. दारात सावली हलली, पाठीमागं कुणी उभं आहेसं वाटलं, की ती भांडी घासता घासता, मागं वळूनही न बघता हात हलवायची.

"हं, ने की."

एकदा तर पाण्याचा फिल्टर विकणाऱ्या पोऱ्याला ती असंच "हं हं" म्हणत राहिली आणि त्यानं भिंतीला ड्रिल मारून फिल्टर बसवूनही टाकला. काका कितीतरी दिवस ते गल्लीभर सांगत फिरले. "हिच्याकडं उद्या कुणी मलाच मागितलं, तरी ही हं म्हणंल," असं म्हणून खो खो हसायचे.

काका दोन वर्षांपूर्वी गेले.

दुपारी जेवले, आतल्या खोलीत आडवे झाले, उठलेच नाहीत. डॉक्टरांनी हार्टचं सांगितलं. धडधाकट माणूस असा कसा गेला, हे सगळेच म्हणाले, पण म्हणण्यापलीकडं कुणी काय करणार?

यंदा मावशीची मुलगी प्रेरणा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. नवरा पुण्याला कंपनीत. घरात मायलेकी दोघीच. मावशीला एकाच गोष्टीनं घेरलं होतं.

"लेकरू रडलं आन् मला ऐकूच नाय आलं तर?"

प्रेरणानंच औरंगपुऱ्यातला कानाचा दवाखाना शोधून काढला. तिथं श्रेया नावाची तरुण ऑडिओलॉजिस्ट होती, गोड बोलणारी. तिच्याकडं एका कंपनीची नवी मशीनं चाचणीसाठी आली होती. एआयवाली. अजून बाजारात आली नव्हती, वापरून बघायला माणसं हवी होती. फुकटात मिळतंय म्हटल्यावर मावशी तयार झाली.

"हे मशीन नुसता आवाज मोठा करत नाही, काकू," श्रेयानं कागदावर लिहून समजावलं. "माणसाचा आवाज कुठला आणि गोंगाट कुठला, ते ओळखतं. माणसाला पुढं आणतं, गोंगाट गाळून टाकतं. चुकलं तर तुम्ही शिकवायचं."

शिकवायचं म्हणजे मोबाईलवर बटण दाबायचं. एक 'हवा', एक 'नको'. 'नको' दाबलं की आवाजाचा तेवढा तुकडा कंपनीकडं जाणार आणि पुढच्या तपासणीला गेल्यावर मशीन तो आवाज गाळायला शिकणार. मोबाईलवर एक गोल वर्तुळही होतं. मधोमध मावशी. कुणी बोललं की त्या बाजूला निळा ठिपका उमटायचा.

मशीन कानात घालून मावशी रिक्षात बसली आणि घरी पोचेपर्यंत तिचे डोळे वाहत होते. रिक्षाचा हॉर्न, कूलरची घरघर, स्वयंपाकघराच्या झरोक्यात राहणाऱ्या पारव्यांचं घुमणं… सगळं परत आलं. प्रेरणा काहीतरी बोलली, तशी मावशीनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"तुझा आवाज तुझ्या बापावानी हाय गं. मला कधी कळलंच नाय."

प्रेरणा हसली, आणि मग आत जाऊन रडली.

चार-आठ दिवस असे सुखाचे गेले.

मग ती दुपार आली.

ऊन असं की गल्लीत कुत्रंसुद्धा नाही. प्रेरणा जेवून आतल्या खोलीत झोपलेली. मावशी ओट्याशी उभी राहून पातेलं घासत होती. दाराकडं पाठ.

कुणीतरी बोललं…

बाईचा आवाज. मऊ, अदबीचा. अगदी मागून.

"ही पाखरं नेऊ का?"

मावशीच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "हं, ने की."

आणि ती हरखली. ओठ न बघता, पाठमोरी असताना आपल्याला अख्खं वाक्य ऐकू आलं. कुणाच्या पोरानं पारव्यांचा हट्ट धरला असेल, म्हणून ती हसत वळली.

मागं कुणी नव्हतं.

ती दारापर्यंत गेली. फाटकाला आतून कडी. गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी. शेजारच्या मुक्ताबाईच्या दाराला कुलूप.

तिनं मोबाईल बघितला. वर्तुळात निळा ठिपका होता. मधल्या खुणेच्या बरोबर मागं… जवळजवळ चिकटलेला.

मशीन चुकलं, असं मावशीनं स्वतःला सांगितलं. श्रेयानं शिकवलं होतं तसं तिनं 'नको' दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा करताना तिला काहीतरी कमी वाटलं. कूलर होता, नळाची धार होती, प्रेरणाच्या बांगड्या होत्या. मग लक्षात आलं.

पारवे घुमत नव्हते.

स्टूल ओढून तिनं झरोक्यात डोकावलं. दोघं शेजारी शेजारी बसलेले होते, माना पिसांत खुपसून. तिनं बोट लावलं.

गार.

अंगावर ना ओरखडा ना रक्त. मुंगीसुद्धा लागलेली नव्हती.

एवढ्या उन्हात पाखरं मरतात, हे तिलाही माहीत होतं. तिनं ती उचलली, मागं पुरली आणि प्रेरणाला कळू दिलं नाही. पोटुशा पोरीला कशाला सांगायचं?

पण दुपार झाली तशी ती ओट्यापाशी जायला धजेना. गेली ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. आता मागून कुणी येऊच शकत नव्हतं.

कूलर घरघरत होता. प्रेरणाचा श्वास आतून संथ ऐकू येत होता.

आणि मग… तसाच मऊ, अदबीचा, मानेला लागून…

"प्रेरणाला नेऊ का?"

मावशीच्या हातातली पळी खाली पडली. आणि घशातून, तिला नको असताना, इतक्या वर्षांच्या सवयीनं "हं" वर आला.

तिनं जीभ दातांखाली धरली. रक्त आलं इतकी.

"नाय," ती म्हणाली. "नाय. नाय नेऊ."

आवाजानं प्रेरणा जागी झाली. दारात येऊन डोळे चोळत उभी राहिली. "कोणासंग बोलायलीस, आई?"

"कोणी नाय. मुक्ताबाई व्हती."

त्या संध्याकाळी मावशी दाराच्या पायरीवर बसली होती. समोर कढीपत्ता. आणि एकदम तिला ती दुपार आठवली. काका आत आडवे झाले होते. ती ओट्याशी, पाठमोरी. ऐकू तर काही येतच नव्हतं तेव्हा. पण मानेजवळ कुणी उभं आहेसं वाटलं होतं. कुणीतरी पानं मागायला आली असेल म्हणून तिनं मागं न बघता हात हलवला होता.

हं, ने की.

काय विचारलं गेलं होतं, ते तिला माहीत नाही. कधीच कळणार नाही. पण मला विचाराल तर तिनं त्या दिवसापासून नवऱ्याचा जीव आपल्या तोंडानं दिला असंच धरलंय.

त्यानंतर आवाज रोज यायला लागला.

रोज दुपारी. रोज तेवढाच प्रश्न. रागावून नाही, धमकावून नाही. शेजारीण वाटीभर साखर मागते तितक्या सहज. मावशीनं विचारून बघितलं, कोण तू, काय पायजे, माझ्या घरी का येती? त्या आवाजाला दुसरं काही बोलायचंच नव्हतं.

"प्रेरणाला नेऊ का?"

"नाय."

आणि घाबरलेला हात दर वेळी मोबाईलवर 'नको' दाबायचा. मावशीला वाटायचं, तेवढंच आणखी एकदा ठामपणे सांगितलं.

खरी पंचाईत व्हायची ती मशीन चार्जिंगला लावल्यावर. तेवढ्या वेळात तिला काहीच ऐकू यायचं नाही. ती येऊन विचारून गेली तर? आणि आपण सवयीनं मान डोलावली तर? मग मावशीनं युक्ती काढली. मशीन कानातून काढायच्या आधी तोंडात पाण्याची चूळ भरायची. मान हलू नये म्हणून डोकं भिंतीला टेकवून बसायचं. चार्जिंग होईपर्यंत गाल फुगवून, डोळे मिटून ती बाई बसून राहायची. प्रेरणा हसायची, मग हसेनाशी झाली.

चाचणीच्या तारखेला दोघी औरंगपुऱ्यात गेल्या. दवाखान्यात गर्दी होती. प्रेरणा बाहेर बाकावर बसली, मावशी आत.

"आवाज येतो," मावशी एवढंच म्हणाली. "घरात कोणी नसताना. बाईचा."

श्रेयानं कंपनीकडं गेलेले तुकडे कॉम्प्युटरवर लावले. मान तिरकी करून ऐकत राहिली. कूलरची घरघर. पातेल्याचा आवाज. मग मावशीचा, "नाय."

मध्ये काहीच नव्हतं.

"इथं तर आवाजच नाही हो, काकू," श्रेया म्हणाली. "तरी मशीन म्हणतंय माणूस बोलतंय, आणि तेही तुमच्या मानेपाशी. आम्ही इतक्या जणांना दिलीत मशीनं, हे फक्त तुमच्याकडं झालंय. बरं झालं सांगितलंत. चाचणी ह्याच्यासाठीच तर असते."

ती खूश दिसत होती. तिनं मावशीच्या कानातून मशीन काढून घेतलं, वायरीला जोडलं आणि कॉम्प्युटरकडं तोंड करून बसली.

मावशीचं जग परत मुकं झालं. पंखा फिरत होता, त्याचा आवाज नाही. बाहेर नर्स हसत होती, तिचा आवाज नाही. दवाखान्यात चार माणसांत मावशीला जरा निर्धास्त वाटलं. इथं कोण येतंय?

श्रेया पाठमोरीच काहीतरी बोलली असावी. तिचे खांदे हलले, मग ती उत्तरासाठी थांबली.

"हं," मावशी म्हणाली.

थोड्या वेळानं मशीन परत कानात आलं.

"झालं," श्रेया म्हणाली. "तुम्ही 'नको' दाबलेले सगळे तुकडे कंपनीनं मशीनला शिकवलेत. नवीन व्हर्जन टाकलंय. आता तो आवाज तुम्हाला परत कधी त्रास देणार नाही."



"म्हंजी ती बोलायची थांबली?"

"कोण ती?"

"आवाज. बंद झाला का ऐकू यायचा तेवढा थांबला?"

श्रेया हसली. "मशीन तो आवाज गाळणार, काकू. तसला आवाज कितीही झाला तरी तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. ठिपकासुद्धा उमटणार नाही."

मावशीनं तिचा हात धरला. "मला तो आवाज पायजे, बाई. परत घाल. तुझ्या पाया पडते."

"अहो काकू, जुनं व्हर्जन परत नाही टाकता येत. मी कंपनीला मेल करते, पण…" श्रेया गोंधळून गेली होती. "मी तुम्हाला विचारलं ना आत्ता, नवीन टाकू का म्हणून? तुम्हीच हं म्हणालात."

घरी आल्यावर दुपारी मावशी ओट्याशी उभी राहिली. मशीन आधीपेक्षाही छान चाललं होतं. प्रेरणानं कूस बदलली तेसुद्धा ऐकू आलं.

आवाज आला नाही.

मोबाईलवरचं वर्तुळ रिकामं होतं.

फक्त मानेला… काहीतरी गार लागलं. ओला पदर घेऊन कुणी अगदी जवळ उभं राहावं तसं.

"नाय," मावशी म्हणाली. मग थोडं थांबून परत म्हणाली. प्रश्न कधी येतो आणि कधी संपतो, हे आता कळणारच नव्हतं, म्हणून ती अख्खी दुपार म्हणत राहिली. नाय. नाय. नाय.

तेव्हापासून तिचं प्रत्येक बोलणं नकारानं सुरू होतं. चहा घेणार का, नाय. दार लावू का, नाय. गल्लीतल्या बायांनी पानं मागायचं सोडून दिलं. जावयाला वाटलं सासूबाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, तो प्रेरणाला पुण्याला घेऊन जातो म्हणाला. त्यालाही तिनं नाय म्हणून परत पाठवलं. कुणी रागावलं, कुणी तोडून बोललं, तिनं सगळं ऐकून घेतलं. पोरगी जिवंत होती, एवढं तिला पुरेसं होतं.

प्रेरणा सुखरूप बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्यातही मावशी दाराकडं तोंड करून बसलेली असायची.

काल नाव ठेवलं. मीही त्याच्यासाठीच आलो होतो. भन्तेजी येऊन गेले, वंदना झाली, जेवणं झाली. सगळे परत गेले आणि मी आईला गाडीत बसवायला बसस्टँडवर गेलो. मी घरात नव्हतो तेव्हाचं हे आहे, मावशीनं सांगितलं तसं सांगतो.

मावशी पुढच्या खोलीत सतरंजी गोळा करत होती. प्रेरणा आत, दाराकडं पाठ करून बाळाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. बाळ झोळीत. घरात तिसरं मोठं माणूस नव्हतं. फाटकाला मावशीनं स्वतः कडी घातली होती.

मशीनमधून सगळं लख्ख ऐकू येत होतं. झोळीची कुरकुर. दुपट्याची फडफड.

आणि मग प्रेरणाचा आवाज. सहज, कामाच्या नादात.

"हं, न्या की."

सतरंजी टाकून मावशी आत धावली.

"कोणाला म्हणलीस?"

"अगं, मुक्ताकाकू नाय का," प्रेरणा घडी घालता घालता म्हणाली, आणि वळली. दार रिकामं होतं. "आत्ता तर व्हत्या मागं. बोलल्या माझ्यासंग."

"काय बोलल्या?"

"कायतरी नेऊ का म्हणल्या. डबा न्यायचा असंल त्यांना."

"कायतरी म्हंजी काय? नीट आठव, प्रेरणा. नाव घेतलं का कोणाचं?"

प्रेरणाचा चेहरा उतरला. तिनं खरंच आठवायचा प्रयत्न केला.

"मी लक्षच दिलं नाय गं, आई."

मुक्ताबाई जेवून केव्हाच घरी गेल्या होत्या. त्यांचा डबा त्यांच्याच ओट्यावर घासून पालथा घातलेला होता. मी स्वतः जाऊन बघून आलो.

त्यानंतर मावशीनं मला सगळं सांगितलं. रात्रभर ती अशीच बसली आहे, एक हात बाळाच्या छातीवर, एक हात प्रेरणाच्या पाठीवर. कानावर तिचा आता भरवसा राहिलेला नाही.

सकाळ झाली. बाळ दूध पिऊन झोपलं. प्रेरणाला थोडी कणकण आहे, पण ती बाळंतिणीला असतेच, असं मी माझं मला सांगतोय.

मगाशी मी धीर करून विचारलं, "मावशी, तुला काय वाटतं? काय मागितलं असंल तिनं?"

मावशीनं प्रश्न माझ्या ओठांवरून वाचून घेतला.

"माझं नाव घेतलं असंल तर लई बरं व्हईल रे," ती म्हणाली.

मग तिनं बाळाच्या छातीवरचा हात तसाच ठेवून मला चहा ठेवायला सांगितलं.